स्टूल घेऊन बसणारे वायरमनभाऊ

बिघडलेल्या यंत्राला हात लावायची वायरमनभाऊंना मुळीच घाई नसे. सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या आमच्या सुताच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की सगळ्यांची पळापळ व्हायची आणि हे गृहस्थ आपलं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचे. मॅनेजर डोक्यावर उभे असले तरी म्हणायचे, "साहेब, आधी पाहू तं द्या, ते बिघडते कसं."

ते खानदेशातले, ठेकेदाराचे माणूस. यंत्राला शिवी दिलेली त्यांना खपत नसे. "ते बिचारं सांगी राहिलं, आपणच ऐकत नाही," म्हणायचे. मला तेव्हा याचं हसू यायचं. मी चिपळूणहून कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट घेऊन आलेलो, सहा महिन्यांच्या बोलीवर. सिल्वासात तेव्हा सर्व्हर पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे माझी मान जरा जास्तच ताठ होती.

ती ताठ मान सोमवारांनी खाली आणली. रविवारी कारखाना पूर्ण बंद असे. सोमवारी सकाळी मेन स्विच टाकला की सर्व्हर चालू व्हायचा, पण त्यातली मालाची चलनं काढणारी सर्व्हिस, म्हणजे तो प्रोग्रॅम, काही सुरू होत नसे. चलनाशिवाय भरलेले ट्रक गेटबाहेर पडेनात. मी घाम पुसत सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सगळं सुरळीत. चौथ्या सोमवारी आमचे गुजराती मॅनेजर म्हणाले, "जुओ भाई, पुढच्या सोमवारी असंच झालं तर तुम्ही छुट्टा." गावी नोकरीचे पेढे वाटून झाले होते. शेवटी मी वायरमनभाऊंकडे गेलो.

"मले त्यातलं काय कळते भो?" म्हणाले खरे, पण सोमवारी सातला स्टुलासकट हजर. "आज तू काहीच दाबू नको." पडद्यावर ओळी धावू लागल्या. ते एकेक ओळ मला वाचायला लावत होते.

"ही काय म्हणते?"

"डिस्क सापडली नाही म्हणते."

"कुठं राहते ती?"

मी शेजारची पेटी दाखवली. तिचा दिवा बंद होता. आम्ही तसेच बसून राहिलो. तीन मिनिटांनी खट्ट आवाज झाला आणि दिवा लागला.

तो आवाज मी ओळखला. डिस्क जपायची म्हणून महिन्यापूर्वी मीच हट्टाने नवा स्टॅबिलायझर मागवला होता आणि एकटी ती पेटी त्यावर जोडली होती. वीज आली की तो तीन मिनिटं पुढे सोडायचा नाही. सर्व्हर कशाला थांबतोय! डिस्क दिसली नाही की सर्व्हिस तिथेच बसायची. वायरमनभाऊंनी स्टॅबिलायझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "आधी हिचा दिवा लागू दे, मग त्याले उठव."

तेवढ्यात मॅनेजर आले. "शुं हतुं? काय होतं?"

"लाइनीचा फॉल्ट होता साहेब," वायरमनभाऊ म्हणाले. "माझ्याकडून पाहाचं राहिलं."

मॅनेजरांनी दहा जणांदेखत त्यांना झाडलं. मी कीबोर्डकडे बघत उभा राहिलो. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

पाच वर्षांनी डोळे अधू झाले म्हणून त्यांनी काम सोडलं. सिल्वासातल्या आमलीच्या स्टँडवर त्यांना धुळ्याच्या गाडीत बसवताना मी एकदाचं म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तवा बोलला असता तं तुले घरी जा लागलं असतं," ते हसले. "मले बोलणी खायची सवय आहे."

माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढला. "मी त्यांना पत्र लिहितो. गाव कोणतं त्यांचं?"

पाच वर्षं मी त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती. गावाचं नाव कधी विचारलंच नव्हतं.