दाराजवळची जागा सोडवणारे डॉक्टर लोबो

डॉक्टर लोबो यांची माझी पहिली भेट मालवण बाजारातल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी दाराजवळच्या बाकावर बसलो होतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढे सोडत होतो. दुपार झाली, बाक रिकामे झाले. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "दाजीनू, सगळ्यांका पुढे धाडतास. तुमी पेशंट की येष्टीचे कंडक्टर?"

मला हसू आले नाही. मी पिशवी उचलून त्यांच्या मागून आत गेलो.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा डॉक्टरांच्या समाजकार्यावर लिहा असे सुचवले होते. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. समाजकार्य मला लिहिता येणार नाही. मला जे ठाऊक आहे ते जरा अवघड जागेचे आहे. छापावे की नाही याचा विचार करून मी चार वेळा कागद फाडला. शेवटी बायको म्हणाली, "दुखणा तुमचा, लाज तुमची, मगे समितीक कित्याक भियातास?" म्हणून लिहितो.

मला त्या वेळी नकळत शौचाला होत असे. थोडेच, पण कधी होईल ते सांगता येत नसे. शिंकलो, माडाखाली वाकलो, भराभर चाललो की धोतर बिघडे. पिशवीत दुसरे धोतर ठेवल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. जत्रा सोडली, भजन सोडले. कोणाकडे गेलोच तर दाराजवळ बसायचे, म्हणजे पटकन उठता येते. पोट सुटले आहे, म्हणजे हगवण लागली आहे, असे समजून मी कुड्याच्या सालीचा काढा घेत होतो, जायफळ उगाळून चाटत होतो, पाणी जवळजवळ बंद केले होते. भाजी तर विषासारखी टाळायचो.

अशात माझ्या मुलीचे, सुशीलाचे, लग्न मिठबावला ठरले. स्थळ उत्तम. पण कन्यादानाला बापाने सोवळ्यात बसायचे, तेही भटजींकडून मागून आणलेल्या रेशमी मुकट्यात, सगळ्या वऱ्हाडासमोर. मध्येच काही झाले तर मुकटा बाटेल, विधी मोडेल, मुलीला जन्मभर ऐकून घ्यावे लागेल. मी जाहीर केले की कन्यादान माझा धाकटा भाऊ करील. लोकांनी अर्थ काढला की मला व्याही पसंत नाहीत. सुशीला चुलीपाशी बसून म्हणाली, "बाबा, तुमी आसताना माजो हात काकान कित्याक देवचो?" दुसऱ्या दिवशी मी त्या बाकावर जाऊन बसलो.

डॉक्टरांनी पडदा ओढला आणि खोकला विचारावा तितक्या सहज विचारले, "धोतर बिघडता काय?" मी मान डोलावली. त्यांनी तपासले, पोट दाबून पाहिले, आणि हात धुताना सांगितले, "तुमचा पोट सुटूक नाय. बंद झालाला आसा. आत घट्ट बसलाला आसा आणि त्येच्या बाजून पातळ पाझरता. मोरयेत बोळो बसलो, आणि तुमी वरसून काढ्याचे आणखी बोळे घालतास."

म्हणजे मी जे औषध समजत होतो तेच दुखणे वाढवत होते. मला रडू येण्याऐवजी हसू आले. डॉक्टरही हसले.

पुढचे उपचार मी तपशिलाने लिहीत नाही. आधी त्यांनी पोट मोकळे करून दिले. मग पाणी, पालेभाजी, नाचणीची भाकरी सुरू करायला लावली. रोज सकाळी पेज घेतली की लगेच परसाकडे जायचे, घाई करायची नाही, कुंथायचे नाही, आणि कळ आली की टाळायची नाही. शिवाय एक व्यायाम सांगितला. भजनात बसल्यावर वारा अडवतो तसे आवळायचे, थोडे धरायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. "फक्त तोंड वाकडा करू नका," ते म्हणाले, "नायतर लोकांका वाटात, लग्नाची काळजी लागली."

एक गोष्ट मात्र कळकळीने लिहितो. माझे वाचून कोणी माझाच उपाय करू नये. डॉक्टर नेहमी सांगतात की प्रत्येकाचे कारण वेगळे. कोणाला खरेच हगवण असते, कोणाच्या नसा अधू होतात, कित्येक बायकांना बाळंतपणात इजा झालेली असते आणि त्या वर्षानुवर्षे गप्प राहतात. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या पत्नी, ज्या स्वतः नर्स आहेत, आतल्या खोलीत बसतात. तपासून घ्यावे. लाजू नये.

मला बरे वाटू लागले, पण मुकट्याची धास्ती जाईना. डॉक्टरांनी माझी परवानगी घेतली आणि माझे नाव न सांगता भटजींना विचारले की एखाद्या यजमानाला मध्येच उठावे लागले तर शास्त्र काय म्हणते. भटजींनी पान जुळवता जुळवता उत्तर दिले, "शास्त्र लिहिणाऱ्यांनाही पोट होतंच की हो. उठावं, स्नान करावं, दुसरं सोवळं नेसून पुन्हा बसावं. मुकटे माझ्याकडे दोन आहेत." हे निरोपाने कळले तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ख्रिस्ती माणसाने माझ्या सोवळ्याची एवढी काळजी वाहावी, हे मी विसरणार नाही.

लग्नात डॉक्टर काळा कोट घालून अगदी पुढे बसले होते. विधी निम्म्यावर आला तेव्हा भटजी थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "यजमान, पाय मोकळे करायचे असतील तर करा."

"नको भटजीनू," मी म्हटले, "चलू द्या."

मग भटजी स्वतःच तंबाखूसाठी उठले आणि अख्खा मांडव हसला. सुशीलाचा हात माझ्या ओंजळीत होता. बायको वरून पाणी सोडत होती. कित्येक दिवसांनी माझे लक्ष पोटाकडे नव्हते, फक्त मुलीकडे होते. पंगतीत डॉक्टरांनी वालीची भाजी दोनदा मागून घेतली आणि लांबूनच मला खुणावले, तुमीही वाढून घ्या.

त्याला आता बरीच वर्षे झाली. काळजी करण्याचा माझा स्वभाव गेलेला नाही. हा लेख छापून आला की लोक काय म्हणतील, याची काळजी आताच लागली आहे. पण सुशीलाची मुले सुटीत आली की मी त्यांच्याबरोबर जत्रेला जातो आणि दशावतार पहाटेपर्यंत बसून बघतो.

डॉक्टरांना भरपूर आयुष्य लाभो, त्यांची भूक आणि हसणे असेच राहो, आणि त्यांच्या पंचाहत्तरीलाही आम्ही सगळे जमू, असे मी आमच्या ग्रामदेवतेकडे आणि त्यांच्या सायबिणीकडे, म्हणजे मेरी मातेकडे, मागतो. समितीला एक विनंती आहे. सत्काराच्या दिवशी जुन्या सवयीप्रमाणे माझी खुर्ची दाराजवळ ठेवू नये. मधल्या रांगेत, मधोमध ठेवावी. आणि वक्त्यांनी माझ्यासाठी भाषणे आवरती घेऊ नयेत. मी बसणार आहे.