खुंटीवरची माळ

आमच्या घरात दारू सोडायची एकच रीत: गळ्यात तुळशीची माळ घालायची. माझ्या नवऱ्याने ती तीनदा घातली. दर वेळी सासूबाईंनी पेढे वाटले आणि दर वेळी महिनाभरात हा बाबा प्यायला निघताना माळ काढून खुंटीला अडकवायचा. देवाचा अपमान नको म्हणून! काय ती भक्ती! खुंटीवर माळ दिसली की मी समजायचे, आज स्वारी दोघांच्या खांद्यावरून घरी येणार.

मग एकदा रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, आता प्यालात तर मराल. दवाखान्यातून घरी आणलं, तर सासूबाई चौथी माळ घेऊन दारात! माझं डोकंच सणकलं.

"आत्याबाई, हा आजार हाय. माळेनं न्हाई बरा व्हायचा. मी ह्यांना नगरला व्यसनमुक्ती केंद्रात नेणार."

"येड्यांच्यात टाकतीस व्हय माझ्या लेकाला? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. मला काय त्याची चव नवी न्हाई."

दुसऱ्या दिवशी पारनेरहून एसटी धरली. पहिला आठवडा वाईट गेला. ह्यांच्या हातात चहाचा कप ठरेना, औषधं चालू. मग रोज समुपदेशन. रविवारी मलाही बसवायचे. तिथल्या बाईंनी मला एकच सांगितलं: त्यांच्यासाठी खोटं बोलणं बंद करा.

इकडे गावात सासूबाई सांगत होत्या, लेक पुण्याला कामाला गेलाय. मी गिरणीत दळण घेऊन गेले, तर एकीने खोचकपणे विचारलं, "काय गं, कंपनी कुठली?" मी सगळ्यांदेखत म्हटलं, "कंपनी न्हाई, दारू सोडायला गेल्यात. तुमच्या घरी कुणाला पत्ता पाहिजे का?" गिरणी चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. घरी आल्यावर लई बरं वाटलं.

दोन महिन्यांनी हे परत आले. सासूबाई ताट घेऊन उभ्या, ताटात माळ. ह्यांनी पाया पडून ती माळ देवापुढे ठेवली.

"नको आई. ही मला काढता येते. मी आता दर गुरुवारी नगरला केंद्राच्या मीटिंगला जाणार."

सासूबाई रिकामं ताट घेऊन आत गेल्या. गुरुवारी हे चप्पल घालत होते, तेव्हा त्या दारात आल्या.

"तिथं आईनं आलेलं चालतं का रं?"

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"चालतं," मीच म्हटलं. "पातळ बदला, एसटी जाईल."