आधी हात कळू दे

९ नोव्हेंबर, संध्याकाळ. गोठ्यातलं शेण काढत होते. उद्या व्यापारी म्हैस बघायला येणार, म्हणून जरा नीटच. हे काम माझं नव्हे, अक्कांचं. म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. दसऱ्याआधी एका सकाळी त्या धार काढून आल्या, ओट्यावर टेकल्या, आणि चहा होईपर्यंत गेलेल्या होत्या... रडायचं ते रडून झालं. जनावरांना त्याच्याशी काय?

त्यांची म्हैस चंद्री तेव्हापासून कुणालाच धार देईना. रेडकू मजेत पितं, माणसानं हात लावला की पान्हा चोरते. आमच्या कासार आंबोली गावातल्या बायकांनी सांगितलं म्हणून मी अक्कांचं जुनं पातळ नेसून बसले. वासानं फसेल म्हणे. चंद्रीनं एकदा हुंगलं आणि बादली लाथाडली. मागचे पाय बांधले, तर वैरणीला तोंड लावीना. शेवटी आमचे हे म्हणाले, "तुला जमनार न्हाई. दुभतं जनावर नुसतं बांधून ठिवायचं का?" आणि व्यापाऱ्याला सांगून आले.

शेण काढून झालं तशी कोपऱ्यातली अक्कांची स्कूटी दिसली. भाऊजी गेल्यावर त्यांना नांदे गावी लेकीकडे जायचं तर कुणाच्या तरी मागे बसावं लागे, आणि बसवणाऱ्याची सवड बघावी लागे. ते त्यांना सोसेना. केस पांढरे झालेले, तरी एक दिवस माझ्यापाशी आल्या, "मला गाडी शिकीव." आठवड्यात मोकळं व्हायचं ठरवून मी किल्ली हातात दिली. त्यांनी ती माझ्याच हातात परत ठेवली आणि बंद गाडी हँडल धरून खळ्यात फिरवायला लागल्या, जनावर पाण्यावर नेतात तशी. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले.

"अक्का, बसा की आता!"

"नवी म्हस आनली की लगीच बादली घिऊन बसतीस व्हय? आधी तिला हात कळू दे."

"ही गाडी आहे अक्का, म्हैस नाही."

"मग लई झ्याक. लाथ तरी मारनार न्हाई."

मग नुसतं बसणं, मग खळ्यात फेरा, मग देवळापर्यंत... आणि रीत अशी की गाडी छान चालायला लागली की उतरायचं. "आज इतकंच. जरा हौस उरू दे, म्हंजी उद्या आपसूक पाय वळत्यात." हे चिडवायचे, "वैनी, तुमच्या आधी लवासाच्या इमारती पुऱ्या व्हतील." "व्हऊ द्या की. बघाया गाडीवर घिऊन जाईन तुमास्नी." एकदा पौडच्या रस्त्यावर ट्रकला घाबरून त्यांनी गाडी ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ्यात, पहिल्यापासून. लाज नाही, रडगाणं नाही. दुसरी दिवाळी आली तेव्हा दुधाची किटली अडकवून एकट्या नांद्याला गेल्या. पोहोचल्यावर लेकीनं फोन केला, तेव्हा आम्हाला कळलं.

मी फावडं ठेवलं. चंद्रीपाशी मी जायचे ती बादली घेऊनच, कामावर जायच्या घाईत, एक डोळा घड्याळावर. घरात जाऊन म्हटलं, "व्यापाऱ्याला फोन करा. येऊ नको म्हणावं."

"मग धार कोन काढनार?"

"मी. पण लगेच नाही."

"मंजी कवा?"

"चंद्री सांगेल."

ते फोन शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उठले. स्वतःचीच साडी नेसले. बादली ओट्यावर पालथी ठेवली आणि मोकळ्या हातांनी गोठ्यात गेले. चंद्रीच्या मानेवर हात फिरवला, मग पाठीवर. तिनं कान हलवला, पाय नाही. कासेपर्यंत हात नेऊ दिला असता, असं वाटलं. नेला नाही. रेडकू प्यायला सोडलं, अक्कांची स्कूटी काढली आणि कामावर गेले.