मधलं नाव

मिरकरवाड्याच्या बंदरावर मी सकाळी मासळीला जायची, तेव्हा एक कोळी जाळी दुरुस्त करत बसलेला असायचा. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचा आणि गाठ मारली की उरलेला नायलॉनचा तंगूस दातांनी तोडायचा. त्या महिन्यात गिटारवरचं एक संथ, हळवं गाणं जिकडेतिकडे वाजत होतं. लिलावात, रिक्षात, बर्फाच्या टेम्पोत. ते लागलं की त्याचे हात थांबायचे.

"आवडतं वाटतं," मी एकदा म्हटलं.

"माझ्या पोरीचा आवाज हाय. एक नंबरला गेलंय म्हणतात."

मग जाळ्याकडेच बघत म्हणाला, "गिटारची तार तुटली म्हणून तिच्या जागी लावायला तिनं माझा नवा तंगूस कापलान. मी रागानं गिटारच धक्क्यावर आपटली. दुसऱ्या दिवशी मुंबईला मावशीकडं गेली, ती परत आलीच नाय."

जरा वेळाने त्याने लुंगीला हात पुसले. "वैनी, मला वाचता येत नाय. तुमच्या मोबाईलवर गाण्याखाली तिचं नाव असंल ना? सगळं वाचा."

मी वाचलं. एकच शब्द होता, तिचं नाव.

"आणि मधलं?"

शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव येतंच. इथे ते नव्हतं. खोटंच वाचून दाखवावं, असं मनात आलं. पण त्यासाठी त्याचं नाव माहीत असायला हवं होतं, आणि इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं.