वाघरू आडवं यावं म्हणून

मिठबावला आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, लोकरीचे कपडे उन्हात घातलेत, हे वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून बघतो. बघणारच. माघातलं ऊन, बागेवर पसरलेला मोहोराचा गोडसर, किंचित तुरट, डोक्यात चढणारा गंध, समुद्रावरून येणारी खारट झुळूक, अंगावर सुती साडीसुद्धा जड व्हावी असा उष्मा; आणि त्यात दोरीवर लोंबणारी कानटोपी, जाडजूड मोजे आणि गादीएवढं एक जाकीट, मुलीने पुण्याहून मैत्रिणीचं उसनं आणून पाठवलेलं. माझी उभी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. नकाशाच्या वरच्या कडेला तपकिरी रंग जिथे दाट होत जातो, तिथे छडी टेकवून मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हिमालय दाखवला आणि स्वतः मात्र कोल्हापूरच्या पलीकडची थंडी पाहिली नाही. निवृत्त झाल्यावर मी जाहीर करून टाकलं, की आता हिमबिबट्या बघायचा, त्याच्या घरी जाऊन.

जायचं दोघांनी ठरलं होतं. स्पितीच्या खोऱ्यात भर हिवाळ्यात नदी गोठते, उंचावरची जनावरं खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग हा राखाडी-पांढरा, शेपटीने स्वतःला पांघरून घेणारा देखणा प्राणी वस्तीजवळ येतो, असं मी आमच्या यांना मोबाइलवर चित्रं दाखवत समजावून सांगत असे. हे जन्मभर आंब्याच्या बागेत रमलेले. बर्फ म्हणजे यांच्या लेखी बंदरावर बांगड्यांवर टाकतात तो. तिथे झाडं कुठली, असं यांनी पहिल्यांदा विचारलं आणि झाडंच फारशी नाहीत म्हटल्यावर बागेकडे असं बघितलं, की मलाच त्या उघड्याबोडक्या डोंगरांची लाज वाटली. पण हळूहळू त्यांनाही गोडी लागली. संध्याकाळी पेज जेवता जेवता 'ता पांढरा वाघरू' आमच्या गप्पांत येऊन बसू लागलं, घरच्या मांजरासारखं.

मग कसालच्या डॉक्टरांनी यांची छाती तपासली आणि एवढ्या उंचीवर जाऊ नका म्हणून स्पष्ट सांगितलं. दमा जुनाच, मोहोराच्या दिवसांत तर घसा धरलेलाच असतो. परतीच्या वाटेवर मीही जात नाही म्हणून सांगून टाकलं आणि घरी येऊन कपड्यांचं खोकं माळ्यावर चढवलं. मन खट्टू झालं होतं, खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांत एक इच्छा धरली आणि तीही अर्धीच हाती आली. ती अर्धी घेऊन एकटीने जायचं माझ्या जिवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खोकं खाली, कपडे दोरीवर, आणि हे चिमटे लावतायत.

"तू जावन ये गो," म्हणाले. "माझ्यासाठी रवलंस म्हणून माझो दमो जावचो नाय."

निघायच्या आदल्या दिवशी बागेच्या कोपऱ्यात, राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या दगडापाशी यांनी नारळ आणि पानाचा विडा ठेवला. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा. होकार नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. बाकीची मंडळी म्हणजे मी एकटीच. यांनी हात जोडले आणि वडिलांकडून चालत आलेले शब्द ओघाने सुरू झाले. घराला, बागेला, लेकीला सुखी ठेव. मी होकार भरत गेले.

"वाटेर किरडू, वाघरू आडव्या येत आसात, तर तेका दूर कर रे म्हाराजा."

साप ठीक, पण पुढचं? मी होकार भरलाच नाही. दोरीवर जाकीट हलत होतं. यांनी थोडी वाट पाहिली, मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि आपण काय मागून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. अहो, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यालाच हे वाटेतून हाकलत होते! मला हसू आवरेना. यांनी मात्र गंभीरपणे पुन्हा दगडाकडे तोंड केलं.

"चुकला म्हाराजा. किरडू दूर कर. वाघरू हिच्या नदरेक पाड. लांबसून."

"व्हय म्हाराजा," मी मनापासून म्हटलं.

वाटलं, झालं. पण यांचे हात जोडलेलेच होते. पुढचे शब्द वडिलांचे नव्हते. ते यांना शोधावे लागत होते.

"आणि बघून झाला काय हिका थंय रमाक देव नको. घराक घेवन ये."

थंडीची नाही, श्वापदाची नाही. या माणसाला भीती होती ती मला तिथलं आवडेल याची. आणि तरी कपड्यांना चिमटे त्यानेच लावले होते. होकार ओठांवर आला आणि तिथेच थांबला, कारण मी रमणार होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. राखणदारापुढे खोटं कसं बोलायचं? मी पदर सावरला आणि यांच्या शेजारी जाऊन हात जोडले.

"थोडा रमाक दी म्हाराजा," मी म्हटलं. "पण घराक घेवन ये."

आता होकार भरायची पाळी यांची होती. यांनी नारळ उचलला, हातात फिरवला, परत खाली ठेवला. मी वाट पाहत राहिले.

"व्हय म्हाराजा," हे म्हणाले. आवाज जरा बसलेला होता. मोहोराने दरवर्षीच यांचा घसा धरतो.