इंगळे डॉक्टरांची पिवळी गोळी

आमच्या नांदुऱ्याचे इंगळे डॉक्टर नाडीच्या आधी भाजीची चौकशी करीत. ओली बाळंतीण असो की गरोदर बाई, पहिला प्रश्न ठरलेला: "अंबाडीचं पानी कुठी टाकलं?" आमच्याकडे अंबाडी उकडून तिचं आंबट पाणी पिळून टाकायची रीत. डॉक्टर तापत. "अवो बाई, रक्त बनवाचा माल मोरीत सोडला अन् चोथा तेवढा खाल्ला!" मी त्यांचा कंपाउंडर, हे वाक्य मला पाठ होतं.

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या अखेरच्या दिवसांत तोच माल गोळीत बांधून आला. फोलिक ॲसिडची पिवळी गोळी. पांढऱ्याफटक बाया काही दिवसांत गालांवर लाली घेऊन परत येऊ लागल्या. "आता पाह्य गंमत," डॉक्टर म्हणत. नम्रता त्यांना कधी जमलीच नाही, आणि मला ते आवडायचं.

वडनेरच्या रामजी पाटलांची सतरा वर्षांची लेक शांता अशीच पांढरी पडून आली. डॉक्टरांनी रक्त न तपासताच गोळी दिली. पुन्हा आली ती मानेला गाठी अन् हिरड्यांतून रक्त घेऊन. तेव्हा त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला नि काच पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली. रक्ताचा कॅन्सर होता. त्यात बेफाम वाढणाऱ्या पेशींनाही गोळीतलं हेच खाद्य लागतं.

कोणी जाब विचारला नव्हता. नशीब म्हणून सगळं खपून गेलं असतं. पण डॉक्टरांनी पाटलांना समोर बसवलं. "पाटील, गोयी बंद. ते पोरीले नाही, रोगाले लागून राह्यली. रोग गोयीनं झाला नाही, पन वाढाले हातभार माहा लागला. मी आंधी रक्त पाहाले पाह्यजे होतं."

"पोरगी वाचते का नाही?"

"नाही वाचत, पाटील."

पाटील उठून गेले. महिन्याभरात शांता गेली. मला रडू आवरलं नाही. डॉक्टर आता ती गोळी कायमची कुलपात टाकतील असं वाटलं.

तेरवीनंतर पाटील आले. त्यांनी टेबलावर त्याच पिवळ्या गोळ्यांच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवल्या. "लवकर गुन यावा म्हनून अकोल्याहून आनल्या होत्या. दुप्पट देनार होतो. तुमी कबूल केलं नसतं, त माह्याच हातानं चारल्या असत्या. ज्याले लागू पडते त्याले द्या."

डॉक्टरांनी हात जोडले. मग ओसरीवरच्या गरोदर बाईला आत बोलावलं, तिचं रक्त काचेवर नीट पाहिलं आणि त्याच बाटलीतली गोळी तिच्या तळहातावर ठेवली. बाटली त्यांनी कुलपात नाही, टेबलावरच ठेवली.