शेवटची हाक

जळगाव–धुळे एसटीत माझ्या शेजारी एक अक्का बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर केळ्यांची फणी. आपण कॉम्प्युटरवाले आहोत हे गाडीभर कळावं, म्हणून मी छापील कागदाची लांबलचक पट्टी पसरून बसलो होतो. धुळ्याच्या कापूस जिनिंगमध्ये माझा प्रोग्रॅम कोसळला होता. कोसळताना त्याच्या पोटात जे जे होतं, त्या सगळ्याचा डंप मी चुका शोधणाऱ्या डिबगरमधून काढून छापला होता.

"काय शे रे भाऊ हाई?"

"प्रोग्रॅम मेला, अक्का. मरताना तो काय करत होता, ते यात आहे," मी ऐटीत म्हणालो.

मेला म्हणताच तिने केळी पलीकडच्या मांडीवर घेतली. "मरताना कोनले हाक मारी त्यानी?"

मला हसू आलं. पण एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तो कॉल म्हणजे हाकच की! मी शेवटचा कॉल शोधला. समोर मीच लिहिलेलं, 'नंतर बघू' म्हणून अर्धवट सोडलेलं फंक्शन निघालं.

"मला," मी पुटपुटलो.

"मंग तू गया नही?"

मी पट्टीची घडी घातली. एरंडोलला उतरताना तिने माझ्या हातात दोन केळी ठेवली. "रडू नको. त्यानं आयुष्य तेवढंच व्हतं."

धुळ्यापर्यंत मी सुतकी चेहऱ्याने बसलो. केळी मात्र पारोळा येण्याआधीच संपवली.